फॉर्ममधलं ‘नेहमीचं’

शाहूपुरीतल्या पशुखाद्याच्या ऑफिसात दुकानदारांच्या ऑर्डरी मी फोनवरच घेऊन वहीत लिहीत असे. एकदा मुरगूडची पोती कोडोलीला जाऊन पडली. मुरगूडच्या दुकानदारांनी बजावलं, "आणि एकदा असं झालं तर माल दुसरीकडनं घेणार." मालकांनी मला ऑर्डरींसाठी ऑनलाइन फॉर्मचं ॲप निवडायला सांगितलं.

मी तीन ॲप काढली आणि अकरा मुद्द्यांची यादी केली. मराठीत दिसतं का, रेंज नसताना चालतं का, उत्तरं आपोआप तक्त्यात जातात का, वगैरे. पहिलं ॲप सगळ्या मुद्द्यांवर पास झालं. चाचणी मुद्दाम मुरगूडकरांवरच घेतली. फॉर्म भरून आला. पत्त्याच्या जागी ‘ठाऊक हाय की’ आणि पोत्यांच्या जागी ‘नेहमीचं’.

दुसरं ॲप कडक होतं, आकडा टाकल्याशिवाय पुढं जाऊ देत नव्हतं. पाच मिनिटांत मुरगूडकरांचा फोन आला.

"ताई, ह्यो फॉर्म लई हट्टी हाय. तुमच्यावर गेलाय."

मी यादीत बारावा मुद्दा लिहिला: मागची ऑर्डर आधीच भरलेली दिसावी. ते फक्त तिसऱ्याला जमत होतं, म्हणून तेच घेतलं. बुधवारी मुरगूडचा फॉर्म बिनचूक आला आणि पोती बरोबर गाडीत चढली. तेवढ्यात फोन वाजला.

"फॉर्म मिळाला न्हवं, ताई?"

"मिळाला."

"मग आता वहीत बी लिवून ठेवा. मशिनचं काय सांगावं."

मी वहीत सकाळीच लिहून ठेवलं होतं. ते मात्र त्यांना सांगितलं नाही.