आधी ब्रेक, मग इंजिन

गंजलेला बोल्ट सुटत नसला की मी आधी त्याला शिव्या देते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर हातोडा घेते. माझा धाकटा भाऊ शिव्यांचा टप्पा वगळतो. आमच्या घरात राग सगळ्यांच्याच नाकावर. वडील ताट भिरकावत, आई भांडी आपटे, आणि आम्ही दोघं एकमेकांना बडवत मोठे झालो. माझ्या भुवईवरची खूण त्याने मारलेल्या पाटीची आहे आणि त्याचा पुढचा अर्धा दात माझ्यामुळे गेला. यात मला कधी काही विशेष वाटलं नाही. पण चांगला बाप्या झाल्यावर त्याने नागपुरातल्या सदर भागातल्या सिग्नलवर, मागून सारखा हॉर्न वाजवतो म्हणून, एका माणसाचा जबडा मोडला.

खटला उभा राहिला. वकिलांनी बजावलं की निकाल लागेपर्यंत याने पुन्हा कुणावर हात टाकला तर जामीन गेला म्हणून समजा. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. हात आवरता आला तर परत येईन, एवढंच ती म्हणाली.

तेव्हा मी ती गाडी घेतली. जपानी, दोन दारांची, दोनच सीटची, पंचवीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार, कुणाच्या तरी अंगणात उन्हात सडत पडलेली. मी कळमेश्वरला एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते. यंत्रांचं वेड मला लहानपणापासून आहे, पण खरं कारण ते नव्हतं. भावाच्या हातांना बडवायला काहीतरी हवं होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं तर निघू दे, माणसांचे जबडे तरी वाचतील, असा माझा हिशोब.

महाल भागातल्या आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी भांडण होतं, तिथे गाडी कुठली शिरणार. एका ओळखीच्याची रिकामी शेड मिळाली आणि आमचे रविवार तिथे जाऊ लागले. नागपूरच्या उन्हाने गाडीतलं सगळं रबर खाल्लं होतं, बोट लावलं की चुरा पडे. चाकांमागचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. भाऊ त्यांवर घण घालायचा, अंगातला शर्ट काढून, दात आवळून, आणि एखादा तुटला की त्याच्या तोंडावर जे समाधान दिसे ते पाहून मला बरंही वाटे आणि भीतीही वाटे. हाताची सालपटं निघत. एकदा गरम रेडिएटरचं झाकण त्याने घाईने उघडलं आणि माझा दंड भाजला. मी हातातला पाना त्याच्या दिशेने फेकला. तो खाली वाकला, पाना भिंतीत रुतला, आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो.

खरं भांडण वेगळंच होतं. त्याला गाडी खाली बसवायची होती, सायलेन्सर कर्कश करायचा होता, इंजिनातून होती नव्हती तेवढी ताकद काढायची होती. मी म्हटलं, आधी ब्रेक, मग इंजिन. जे थांबत नाही ते पळवायचं नाही. आपल्या सिमेंट रस्त्यांवर आणि गतिरोधकांवर या गाडीचं पोट आधीच घासतं, तिला खाली नाही, बोटभर वरच घ्यायला हवी. तो मला भित्री म्हणाला. मी त्याला कैदी म्हटलं. तरी पुढच्या रविवारी तो आला.

एका जड गाडीच्या ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणल्या. त्या या गाडीला बसवायला मधे जोड लागत होता, तो मी कारखान्यात कातून घेतला आणि मापं स्वतः तपासली. ब्रेकच्या जुन्या नळ्या काढून नव्या घातल्या. मग मोकळ्या रस्त्यावर नेऊन मी पेडल दाबलं, तर गाडी जागच्या जागी रुतली आणि भाऊ पट्ट्यात असा आवळला गेला की त्याच्या खांद्यावर निळा वळ उमटला. खूप दिवसांनी तो मोठ्याने हसला. पुन्हा मार म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडतात. विळी, कोयता, हातोडा, पाने, सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. भाऊ चाकं उघडायची जाड लोखंडी टॉमी गाडीत आपल्या सीटखाली ठेवायचा. ती चाकांसाठी नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या नवमीला मी ती ओढून काढली आणि पाटावर पहिल्या रांगेत ठेवली. तो बघत होता, पण देवाच्या नावापुढे काय बोलणार.

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडून आम्ही कळमेश्वरला निघालो, कारखान्यातल्या मंडळींना सोनं द्यायला. मी चालवत होते. मागे एक उंच काळी गाडी चिकटली, तिलाही हार. एवढी चिकटली की आरशात तिची जाळीच दिसत होती. भाऊ मागे वळून वळून पाहत होता आणि मी त्याला पुढे बघ म्हणत होते.

दुभाजकाच्या फटीतून म्हैस आली आणि मी ब्रेक मारला. आमची गाडी थांबली. म्हशीच्या आणि आमच्या मधे सहज एक माणूस उभा राहिला असता. मागच्या गाडीला मात्र ते जमलं नाही. ती आम्हाला चुकवायला वळली, दुभाजकावर चढली, तिचा आरसा गेला आणि हार तुटून तिच्याच चाकाखाली आला. म्हैस निघून गेली. काळी गाडी खाली उतरली, पुढे येऊन रस्त्यात आडवी लागली, आणि दोघं जण उतरले. एकाच्या हातात हॉकी स्टिक होती.

भावाचा हात सवयीने सीटखाली गेला. त्याने तिथे चाचपलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला एक क्षण आनंद झाला, अगदी खरा आनंद. आता हा उतरणार नाही, असं वाटलं. पण त्यांनी त्याच्या बाजूचं दार उघडून त्याला दंडाला धरून ओढलं. तेव्हा त्याने पाठीमागे दोन्ही हात नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं, शाळेत शिक्षेला उभं करतात तसं.

"मी नाही मारून राहिलो, भाऊ," तो म्हणाला. "मले मारायचंच नाही."

त्यांना मारायचं होतं. मधातच गाडी काहून थांबवली म्हणत पहिली स्टिक त्याच्या बरगडीवर बसली, दुसरी कानावर. त्याचा कान फाटला आणि रक्त मानेवरून नव्या शर्टात उतरलं. त्याने मनगट सोडलं नाही. मी काचेतून ओरडत होते, म्हैस आली होती म्हणत होते, कुणाला ऐकायचंय. माझा तो भाऊ, ज्याला जन्मात कुणी एक लगावून परत गेलं नव्हतं, तो सिमेंट रस्त्याच्या उंच कडेवरून खाली मुरमात पडला, हात मागेच. मला त्याचा जितका अभिमान वाटला तितकीच स्वतःची चीड आली. त्याला रिकाम्या हाती मीच आणलं होतं.

एक जण खाली उतरून त्याच्यावर बसला. स्टिकवाला आपल्या काळ्या गाडीला टेकून दम घेत होता. मग त्याने स्टिक दोन्ही हातांत नीट धरली.

"डोकं धर त्याचं," तो म्हणाला.

मी पहिला गिअर टाकला. त्या इंजिनाला भाऊ नेहमी मरतुकडं म्हणायचा, तेवढ्या अंतराला ते पुरलं. स्टिकवाल्याने उडी मारली, पण एक पाय दोन गाड्यांच्या मधे राहिला. लोखंडाचा आवाज आणि हाडाचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो. बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला, माझं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. वाफ निवळली तेव्हा बसलेला माणूस पळून गेला होता आणि स्टिकवाला गुरासारखा ओरडत होता. मी त्याच्याकडे न बघता खाली उतरले आणि भावाच्या हातांची पकड सोडवली. बोटं इतकी घट्ट होती की एकेक करून उचलावी लागली.

भावाच्या दोन बरगड्या मोडल्या आणि डाव्या कानाने आता त्याला कमी ऐकू येतं. जबड्याचा खटला पुढे समजुतीने मिटला. बायको मुलीला घेऊन परत आली. आता तारखा माझ्या असतात. त्या माणसाचा पाय गुडघ्याखाली मोडला, तो लंगडतो, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात तो समोरून आला की मी खाली बघते. वाईट वाटतं. पण ते डोकं धरलं असतं तर, हेही लगेच आठवतं, आणि मग मान वर होते.

वकिलांनी सोपी वाट सांगितली आहे. ब्रेक लागला नाही म्हणा. जुनी गाडी, घरच्या घरी दुरुस्त केलेली, गडबडीत पुढे गेली, यावर कुणीही विश्वास ठेवील. गाडी तर आता भंगारच, तपासायला उरलंय काय. भावाने परवा माझ्यापुढे हात जोडले, तेच हात.

"म्हण ना वं ताई, ब्रेक फेल झाले. तुयं काय जाते?"

"ब्रेक आपण दोघांनी बसवले," मी म्हटलं. "ते फेल नाही झाले. मी ते मारलेच नाहीत."

मी पुढच्या तारखेसाठी साडी इस्त्री करत होते, ती तशीच पूर्ण केली.