दोराचं खालचं टोक

आमच्या हिच्या पायाला भिंगरी आहे, असं सासूबाई म्हणतात. नुसती भिंगरी परवडली असती. हिची भिंगरी वर चढते. झाडांच्या धोकादायक फांद्या कापणं हा हिचा धंदा आणि खाली उभं राहून हिचा दोर धरणं हा माझा. कंपनी आम्हाला गावोगाव पाठवते. दिवसभर कामासाठी झाडावर, आणि संध्याकाळी लॉजवर हातपाय धुतले की पुन्हा झाडावर. कशासाठी? तर हौस! नव्या गावात लोक बाजार बघतात, ही बुंधे बघते.

मी स्टुलावर चढलो तरी माझे पाय लटपटतात. म्हणून आमच्यात एकच कायदा होता: दोर माझ्या हातात दिल्याशिवाय तिनं जमीन सोडायची नाही. मग चढणं कामाचं असो की हौसेचं.

या दौऱ्यात तिचा उजवा खांदा दुखत होता. हात डोक्याच्या वर जाईनासा झाला की चढणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कंपनीत खाली उभं राहून देखरेख करायचं काम होतं. ते घे म्हणून मी रोज तिचं डोकं खायचो. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खोलीत मात्र तिचा पाय ठरत नव्हता. पलंगावरून खिडकीशी, खिडकीपासून दाराशी. तिला बघून मलाही चैन पडेना.

त्या संध्याकाळी अंघोळ करून आलो तर खोली रिकामी, आणि दोर खुंटीला तसाच. पट्टा आणि दोर उचलून मी बाहेर धावलो.

लॉजच्या मागे एक जुनं, पसरलेलं झाड होतं. वरून आवाज आला, "ओरडू नकोस. खांदा धरलाय, हात हलत नाहीये."

"दोर का नाही नेलास?"

"तुझ्यासमोर हात वर गेला नसता तर? म्हटलं, आधी एकटीनं बघावं."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो हा असा! तोंडाशी शिव्या आल्या, पण आधी तिला उतरवायला हवं होतं. गाडीतली शिडी लावली, पट्टा आणि दोर खांद्यावर टाकला आणि चढलो. ती वरून सांगत होती, "डावा पाय बेचक्यात. खाली बघू नकोस. डोळे उघड, बाबा!"

शेवटी तिच्याशेजारी फांदीला मिठी मारून बसलो. तिला पट्टा बांधला. दोर वरच्या फांदीवरून घेऊन पट्ट्याला गाठ तिनंच डाव्या हातानं मारली. समोर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले टॉवेल आणि आमची खिडकी.

"हे बघायला चढतेस?"

"इथं आलं की जिवाची तगमग थांबते," ती म्हणाली. "आज नाही थांबली."

जरा वेळानं म्हणाली, "साहेबांना सांगते, खालचं काम चालेल."

याच वाक्यासाठी मी किती कटकट केली होती! पण तिचा उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता. मला रडूच फुटलं.

"तू का रडतोस? तुझी तर सुटका झाली."

"मी आता कुणाचा दोर धरू?"

तिनं डाव्या हातानं दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी आधी उतरलो, दोर धरला आणि तिला हळूहळू खाली आणलं. तिचे पाय जमिनीला टेकले तरी मला दोर सोडवेना.