शेडमास्तर, ताई आणि तपकिरी पूड

भिंतीचा टवका रुमालात बांधून गिऱ्हाईक दुकानात शिरलं, की मालक जागचे हलत नाहीत. नुसती हाक मारतात, “शेडमास्तर!” मग मागच्या काउंटरवरून चष्मा कपाळावर चढवलेला एक काटकुळा माणूस उठून येतो आणि तो टवका दारातल्या उजेडात नेऊन असा निरखतो, जणू त्याची कुंडलीच मांडायची आहे. दुकानात रंग मिसळायचं मशीन आहे, चांगलं महागाचं आहे. पण बारा वर्षं ऊन खाल्लेल्या भिंतीला जोड लावायचा असला, की मशीन हात टेकतं आणि शेडमास्तर हात धुऊन तयार होतात.

त्यांची पद्धत एकच. पांढरा बेस डब्यात घ्यायचा. त्यात रंगाचा एक थेंब टाकायचा, ढवळायचं, कार्डावर बोटभर पट्टा ओढायचा, ड्रायरने वाळवायचा आणि मग बघायचं. ओला रंग खोटं बोलतो, असं ते म्हणतात. पटलं नाही तर आणखी एक थेंब, पण एका वेळी एकच रंग. दोन रंग एकदम ओतले आणि शेड बिघडली, तर कान कुणाचा धरायचा? तेवीस वर्षांत या नियमाने त्यांना दगा दिला नव्हता. दिला तो एकदाच, आणि तोही डब्यात नव्हे, त्यांच्या पोटात.

झालं असं. सहा वर्षांपूर्वी हौसेने रक्तदान करायला गेले आणि यकृतात हिपॅटायटिस बीचा विषाणू मुक्काम ठोकून असल्याचं कळून परत आले. बहुधा जन्मापासूनच होता. यकृताच्या डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी सुरू केली आणि स्पष्ट सांगितलं, “ही गोळी विषाणूला झोपवून ठेवते, हाकलून देत नाही, म्हणून बहुधा जन्मभर घ्यावी लागेल. मला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही.” शेडमास्तरांनी मान डोलावली. गोळी सुरू राहिली, रिपोर्ट बरे येत राहिले आणि शेडमास्तर तो विषय विसरूनही गेले.

विसरली नाही ती ताई. त्यांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा शेडमास्तर चार वर्षांचे होते आणि ताई तेरा. तेव्हापासून त्यांचं ताट तिने वाढलं. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं चारशे पोरांचं जेवण रांधलं. नवरा गेल्यावर भावाकडे येऊन राहिली, आणि भावाचं लग्न राहून गेलेलं असल्याने घराचा कारभार आल्या दिवशीच हातात घेतला. अशा बाईला ‘जन्मभर गोळी’ हे शब्द पचणं शक्यच नव्हतं.

“झोपवून ठेवते म्हणजे काय?” ती म्हणायची. “पाहुणा घरातच आहे की! त्याला घालवायचं कुणी?”

मग तिने शोध सुरू केला. कुणी सांगितलं म्हणून सकाळी पानांचा हिरवा रस आला. कुणी सांगितलं म्हणून बियांचा अर्क आला, तो पाण्यात वीस थेंब. श्वासाचे व्यायाम आले, संध्याकाळचं चालणं आलं. सगळ्यात शेवटी आली ती तपकिरी पूड. पुडीच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘रोग मुळासकट बरा’. डब्यात काय आहे, ते मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं. ताई त्या ‘मुळासकट’वर भाळली. डॉक्टरीणबाईंनी सहा वर्षांत एकदाही तो शब्द काढला नव्हता.

शेडमास्तरांनी ना म्हटलं नाही. ताई ग्लास पुढे करायची आणि ते तोंड वाकडं करून पिऊन टाकायचे. गंमत म्हणजे त्यांना बरं वाटायला लागलं. भूक वाढली, झोप लागायला लागली. आणि इथेच त्यांच्यातला कारागीर जागा झाला. गोळी धरून सहा गोष्टी एकदम चालू आहेत, मग हा गुण कुणाचा? रसाचा? पुडीचा? की चालण्याचा? तपासायचं तर एकेक काढून बघायला हवी. ताईची औषधं काढली तर ताईला कळणार आणि तिचा जीव दुखावणार. गोळी काढली तर कुणालाच कळणार नाही. शेडमास्तरांनी गोळ्यांची पाकिटं दुकानातल्या खणात, जुन्या शेडकार्डांखाली सरकवली. मोठ्या शहाणपणाचं काम केल्यासारखं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं.

पाच आठवडे बरे गेले. सहाव्यात जिना चढताना पाय भरून यायला लागले, अन्न समोर आलं की मळमळायचं. एका दुपारी दुकानाच्या बेसिनवर तोंड धुताना त्यांनी आरशात स्वतःचे डोळे पाहिले आणि तसेच थांबले. दिव्याचा पिवळेपणा असेल म्हणून आरसा खिळ्यावरून काढून दारात नेला. भर उन्हात पाहिलं. डोळ्यांचा पांढरा रंग पांढरा राहिला नव्हता, त्यात पिवळ्याचे दोन थेंब जास्त पडले होते. आयुष्यात इतकी अचूक शेड त्यांनी ओळखली नव्हती आणि ओळखून इतके घाबरलेही नव्हते.

घरी ताईने ते डोळे पाहिले आणि रक्त तपासायला न्यायला रिक्षा बोलावली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसली. यकृताची सूज दाखवणारा एसजीपीटीचा आकडा चाळीसच्या आत हवा, तो सहाशे चाळीस होता.

“गोळीशिवाय आणखी काय घेता?” बाईंनी विचारलं.

“काही नाही,” शेडमास्तर म्हणाले. ताईकडे बोट जाईल असं काही त्यांना त्या खोलीत बोलायचं नव्हतं.

ताईने भावाकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पिशवीतून तिने एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. “खोटं बोलतोय तो. हे सगळं घेतो, आणि मी देते. रागवायचं तर मला रागवा.”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि प्रत्येक बाटली हातात घेऊन वाचली. “चालणं आणि श्वास उत्तम, ते सोडू नका. रसाने अपाय दिसत नाही, पण आजार जातो असंही नाही. या बियांच्या अर्कावर बराच अभ्यास झालाय. सहसा त्रास होत नाही, फायदाही पक्का ठरलेला नाही. तरी आकडे खाली येईपर्यंत रस आणि अर्क दोन्ही बंद.” मग तपकिरी डबा त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिला. “यात काय आहे, ते मला कळत नाही. तुम्हाला कळतं?”

ताईने नकारार्थी मान हलवली.

“आणि गोळी? रोज घेताय ना?”

शेडमास्तरांनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. एका वेळी एक रंग, गुण कुणाचा, शेडकार्डांचा खण, सगळं.

बाईंनी ऐकून घेतलं. “शेड बिघडली की तुम्ही थेंब बदलता?”

“हो.”

“बेस काढता?”

“छे! बेस काढला तर उरलं काय?”

बोललेलं आपल्याच कानावर पडलं आणि आपण काढली ती गोळी म्हणजे बेसच होता, हे शेडमास्तरांच्या ध्यानात आलं. ताईचा हात तोंडावर गेला होता. “गोळी बंद केलीस?” ती एवढंच म्हणाली.

“गोळी आजपासून सुरू, ही पूड आजपासून बंद,” बाई म्हणाल्या. “थोडक्यात वाचलात. आणखी पंधरा दिवस गेले असते तर मी काही सांगू शकले नसते.”

ताई उठता उठता थांबली. “पूड वाईट नसेल हो. मी स्वतः घेतेय की.”

“तुम्ही कशासाठी?”

“आधी आपण घेऊन बघायला नको का? शाळेत पोरांच्या ताटात काही पडण्याआधी आम्हाला चाखावं लागायचं. याला दिलेलं प्रत्येक औषध आधी आठ दिवस मी घेतलंय. पुडीने गुडघे दुखायचे थांबले, म्हणून ती चालूच ठेवली.”

शेडमास्तरांनी ताईकडे पाहिलं. ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. बाईंनी लगेच ताईच्या रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिली.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. ताईच्या रक्तात विषाणूचा मागमूस नव्हता, तरी एसजीपीटी दोनशे दहा. “विषाणू नाही, दुसरं औषध नाही, मग दोष पुडीचाच असणार,” बाई म्हणाल्या. “ताई, तुम्ही चाखलं नसतं तर मी सगळं खापर बंद केलेल्या गोळीवर फोडलं असतं. तुम्ही पिशवी उघडली नसती तर पूड घरात चालूच राहिली असती. मी तुमचे आभार मानते.”

ताईला ते आभार ऐकूच गेले नसावेत. घरी येऊन तिने डबा मोरीत रिकामा केला, आणि त्या दिवसापासून भावाच्या हातात सकाळी काही द्यायचं सोडून दिलं. स्वयंपाक करायची, पानं मांडायची, पण ग्लासभर पाणीसुद्धा हाताने पुढे करेना. शेडमास्तर आपले आपण गोळी घेत. दर दोन आठवड्यांनी दोघांचं रक्त तपासलं जाई आणि आकडे पायरी पायरीने खाली येत. दोन महिन्यांनी ताईचा तीस झाला, शेडमास्तरांचा अडतीस. डोळे पुन्हा पांढरे झाले. त्यांनी ते उन्हात जाऊन तीनदा तपासले.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर ताई रिपोर्ट मांडीवर घेऊन बसली. “विष पाजत होते रे मी तुला,” ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

शेडमास्तरांना असल्या प्रसंगी बोलता येत नाही. त्या दिवशी मात्र बोलले. “गोळी मी बंद केली होती, ताई, तू नाही. आणि माझ्या आधी तू पीत होतीस. अगं, जगात कुणी कुणासाठी करतं का असं? मी आज इथे बसलोय तो तुझ्यामुळे.”

ताईने पदराने नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमास्तर गोळ्यांचं पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेले. “ताई, हे जरा उघडून दे. मला जमत नाही.”

दिवसभर रंगाचे घट्ट डबे उघडणाऱ्या त्या बोटांकडे ताईने पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे. थापा मारतोय हे तिला कळलंच. हात कोरडे करून तिने गोळी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि समोर उभी राहिली.

“घेतलीस?”

“घेतली.”

“तोंड उघड, बघू. तुझा काय भरवसा!”

आणि बावन्न वर्षांच्या शेडमास्तरांनी खिडकीतल्या उजेडाकडे वळून तोंड उघडून दाखवलं.