आक्काची बादली

कचऱ्याचा टिपर गल्लीत शिरायच्या आधीच आक्का बादली घेऊन गेटवर हजर! आणि बादलीत काय, तर चिमूटभर चहाचा चोथा आणि एका कांद्याची सालं. बस्स. मी विचारलं, "आक्का, एवढ्यासाठी रोज उभं राहायचं?" तर म्हणाली, "तेवढीच चार माणसं दिसत्यात की."

आक्का म्हणजे माझी राजारामपुरीतली घरमालकीण. खाली ती एकटी, वरच्या खोलीत मी, राधानगरीहून क्लाससाठी आलेली. तिचा मुलगा बेंगळुरूला. रविवारी फोन, तोही दोन मिनिटं.

पैशाला अशी पक्की की विचारू नका! एकदा पालिकेचा माणूस कचऱ्याच्या फीसाठी घरं मोजत आला. भाडेकरू असेल तर त्याची फी वेगळी, आणि ती मालकानं भरायची. बाकीच्या मालकांनी सरळ भाडं वाढवलं. आक्काला ते पटेना. "पोरीकडनं कचऱ्याचं पैसं घेऊ व्हय?" पण स्वतःही भरायची नाही ना! त्याला ठणकावून सांगितलं, "भाडेकरू कुठला? भाची हाय माझी. एकच चूल हाय आमची."

तो गेला आणि मला म्हणते, "आता बोललोय तर खरं कराय पाहिजे. रातच्याला खाली जेवायला यायचं." झालं! पुढची दोन वर्षं मी खालीच जेवले. माझी बादली तिनं माळ्यावर टाकली, दोघींची एकच. त्यात नूडल्सचं पाकीट दिसलं की खालूनच ओरडायची, "भाचे, दुपारी परत हेच गिळलंस काय?"

पुण्यात नोकरी लागली तेव्हा तिनं गल्लीभर पेढे वाटले. पण मी निघाले तेव्हा गेटपर्यंतसुद्धा आली नाही. "भाकरी करपंल," म्हणाली. गॅसवर तवा नव्हताच.

त्याला वर्ष झालं. परवा भेटायला गेले, चहा पीत होतो, आणि तोच फीवाला दारात!

"आक्का, नव्या यादीत वरचा मजला वेगळं घर म्हणून लागलाय. रिकामा हाय म्हणून लिहून द्या, एकाच घराची फी घेतो."

मला वाटलं, आता ही पेन हिसकावून घेणार!

"रिकामा कशानं? भाडेकरू हाय की. ही काय बसल्या."

"ही? ही तर तुमची भाची न्हवं?"

"भाची बी हाय. भाडेकरू बी हाय."

त्यानं दाराशी ठेवलेल्या बादलीत बघितलं. "दोन घरांचा कचरा एवढाच व्हय?"

आक्का आत गेली, डब्यातून पैसे आणले आणि दोन घरांची पावती घेतली. पैशाला पक्की असलेली आक्का!

तो गेल्यावर मी चहासोबत आक्कानं ठेवलेल्या केळ्यांतलं एक सोलून खाल्लं. साल बादलीत टाकली. भूक नव्हती, तरी दुसरंही खाल्लं.

आक्कानं बादलीत डोकावलं. "आता कसं दोन घरांचं वाटतंय," म्हणाली आणि बादली उचलून गेटकडं गेली.

माझी पुण्याची गाडी चारची होती.