कान दाखव

“कान दाखव, बाय.”

ओळख ना पाळख, आणि हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. ओळखपत्रासाठी माझा फोटो काढायचा होता. मी सोलापूरहून नुकतीच दोह्याला आले होते, पार्लरला जाऊन मुद्दाम केस मोकळे सोडून आले होते, आणि हे साठीचे गृहस्थ स्वतःचे विरळ केस दोन बोटांनी कानामागे सारून मला दाखवत होते. मी चिडले. ते शांतपणे म्हणाले, “चेहरा काय, रोज बदलतो. कान मरेपर्यंत तोच. मला माणूस ओळखायचा तर मी कान बगतो.”

ऑफिसात सगळे त्यांना चाचा म्हणत. रेवदंड्याजवळच्या एका गावचे कोकणी मुसलमान. दोह्यात बावीस वर्षं एका दुकानात त्यांनी पासपोर्टचे फोटो काढले आणि ते बंद पडल्यावर अल हिलाल भागातल्या आमच्या ऑफिसात आले. आमचं काम जुने फोटो स्कॅन करून त्यांच्यावरचे ओरखडे, बुरशीचे डाग संगणकावर पुसायचं. मी कामाची विभागणी बघायची, म्हणजे दिवसभर लोकांच्या मागे लागायची. चाचांच्या मागे लागून उपयोग नसे. ते एकेका चेहऱ्यासमोर अर्धा अर्धा तास बसत.

त्याच वर्षी युरोपातल्या एका संग्रहालयाचं काम तीन कंपन्यांच्या हातांतून फिरत आमच्याकडे आलं. तिथल्या ज्यू लोकांचे फोटो. तीन फोल्डर होते. ‘आधी’मध्ये लग्नं, सहली, दुकानाच्या दारात पोट पुढे काढून उभे असलेले मालक. ‘त्या काळात’ म्हणजे नाझींच्या काळात. कोटावर चांदणी शिवलेली माणसं, रांगा, बोचकी, कुंपणाच्या तारा. ‘नंतर’ हे फोल्डर सर्वांत लहान होतं.

प्रत्येक फोटोसोबत इंग्रजीत टिपण असे. चाचा फोटो साफ करून झाला की खुर्ची माझ्याकडे वळवत आणि विचारत, “ही सुटली का?”

मी टिपण वाचायची. बहुतेक वेळा एकच उत्तर असे: पुढची माहिती नाही.

“नाय म्हणजे मेली असं नाय ना?”

“नाही चाचा. माहिती नाही, एवढंच.”

“मग सुटली असंल,” म्हणत ते पुढचा फोटो उघडत. मला कधीकधी रागच यायचा. कामाचे आकडे मला द्यावे लागत होते, आणि इथे एकेका बाईच्या सुटकेची चौकशी चालली होती.

एकदा वरून आमच्या नावाने लाल शेरा आला. एका सुंदर सिनेगॉगच्या फोटोखाली चाचांनी इमारतीचा प्रकार म्हणून ‘मशीद’ लिहून टाकलं होतं. मी तणतणत गेले. “चाचा, हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. तुम्हाला कळत नाही?”

“मग मशीदच की,” ते म्हणाले. “आमच्याकडं इस्रायली लोक व्हती. शनवारी घाणा बंद ठेवायची म्हणून शनवार तेली म्हणायचे त्यांना. ती आपल्या जागेला मशीदच म्हणायची. आमची मशीद खाडीकडं, त्यांची बाजाराकडं. कुणी पत्ता विचारला तर आदी इचारायला लागायचं, कुणाची?”

त्यांच्या अम्माची जिवाभावाची मैत्रीण त्याच लोकांतली. ते कुटुंब इस्रायलला गेलं तेव्हा अम्मा आठवडाभर जेवली नव्हती म्हणे. मी नोंद दुरुस्त केली, पण दुरुस्त करताना उगीच चोरी केल्यासारखं वाटलं.

आता चाचांची स्वतःची गोष्ट सांगायला हवी. त्यांचं जुनं दुकान बंद पडलं ते दोन भागीदारांच्या भांडणात. भांडण कोर्टात गेलं आणि कागदोपत्री दुकानाचा जबाबदार माणूस म्हणून सही निघाली चाचांची. केस चालू असेपर्यंत त्यांना देश सोडायला बंदी. नोकरी करा, अल वक्र्याच्या समुद्रावर जाऊन बसा, मेट्रोने गावभर हिंडा, फक्त विमानात बसायचं नाही. तीन वर्षं झाली होती. घरी अम्मा, नव्वदीला टेकलेली.

रोज जेवणाच्या सुट्टीत ते तिला व्हिडिओ कॉल लावत. अम्माला फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू, हे पक्कं ठाऊक. त्यामुळे स्क्रीनवर दिसे तो फक्त एक कान. मोठा, सुरकुतलेला, कडेला बाळ्यांची पाच भोकं, बाळ्या कधीच्या काढलेल्या. धाकटा भाऊ मागून ओरडे, “अम्मा, समोर धर!” ती म्हणे, “समोर धरला तर ऐकू कसा येईल?” आम्ही हसायचो. चाचाही हसत, आणि डबा बाजूला सारून त्या कानाशी बोलत.

“कदी येशील रे?”

“केस सुटली की आलूच, अम्मा. इन्शाल्ला.”

मी रोज हे ऐकत होते आणि रोज आपला डबा खात होते.

मार्चमध्ये चाचांनी एक पराक्रम केला. ‘आधी’मध्ये एक फोटो होता, स्टुडिओतला. खुर्चीत आई, तिच्या गुडघ्याला टेकलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा. आईचं नाव होतं, मुलाचं पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. ‘नंतर’मध्ये एक म्हातारा होता, लहानपणीच एकटा वाचलेला, आपलं खरं नाव न कळलेला. चाचांनी दोन्ही फोटो शेजारी लावून मला बोलावलं. मुलाच्या आणि म्हाताऱ्याच्या डाव्या कानाची वरची कड करंजीची मुरड घालावी तशी दुमडलेली होती, आणि पाळीला एकाच जागी खाच.

संग्रहालयाने खूप दिवस पडताळणी केली. मग त्यांचं पत्र आलं की माणूस तोच. आमच्या साहेबांनी चाचांचं सर्वांसमोर कौतुक केलं. चाचांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरगा सुटला, हे आईला कळलं का?”

मी लिहून विचारलं. आईला छावणीकडे जाणाऱ्या आगगाडीत बसवून नेलं, त्यापुढे नोंद नाही, असं उत्तर आलं. या वेळी चाचा “मग सुटली असंल” म्हणाले नाहीत. नुसता फोटो बंद केला.

आणि मग जूनमधला तो सोमवार. चाचा उशिरा आले, माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, “सुटली, बाय.”

मी खुर्चीवरून उडालेच. “अखेर! अहो, अभिनंदन चाचा!” एवढ्यावर गप्प बसले असते तर मी कसली. सगळ्या मजल्याला हिंदीत ओरडून सांगितलं की चाचांची केस सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी खाली जाऊन मिठाई म्हणून कुनाफा आणला. चाचांनी प्रत्येकाशी हात मिळवला, “शुक्रन, शुक्रन” म्हणाले, आणि आपल्या जागी जाऊन बसले. कुनाफ्याचा तुकडा तसाच कागदावर राहिला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत चाचांनी फोन लावला नाही तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडेही म्हातारं माणूस खंगून गेलं की हेच म्हणतात. सुटली बिचारी.

“चाचा... अम्मा?”

त्यांनी मान हलवली. “पहाटे. केस तशीच हाय.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “मग मला गप्प का नाही केलंत? सगळे टाळ्या वाजवत होते!”

“सगळी एवडी खूश झाली. आणि तू खोटं काय बोलली? सुटलीच ती.” त्यांनी कुनाफ्याचा कागद बाजूला सारला. “दफनाच्या आदी भावानं फोन समोर धरला. तीन वर्सांनी अम्माचं पुरं तोंड बगितलं. आणि बाय, मला ओळखच पटेना. कफनात कान झाकलेले व्हते.”

मी तिथेच उभी राहून रडले. त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

नोव्हेंबरमध्ये त्यांचं नाव प्रवासबंदीच्या यादीतून निघालं. “खलास,” एवढंच म्हणाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी तिकीट काढून देते म्हटलं तर ते म्हणाले, हे फोल्डर पुरं करून जातो, आता कुणाच्या कानाशी बोलायला धावायचं आहे. शेवटचा फोटो साफ करून, खुर्ची सरळ करून ते गेले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. काय बोलणार होते?

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला. सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल सांगत होती, चष्मा नाकावर घसरलेला.

“आई,” मी म्हटलं, “जरा फोन कानाला लाव ना.”

“अगं, कानाला लावल्यावर तुला काय दिसणार?”

“लाव तर.”

तिने लावला.