टेबलाखालची पोरगी

भुईतून गडगड आवाज आला, खिडक्या थरथरल्या आणि सातवीचा वर्ग किंचाळत मैदानात पळाला. मी तेव्हा शाळेत खिचडी शिजवत होते. सरांनी पोरं मोजली, तर एक पोरगी कमी भरली. मी हातातला डाव टाकून आत शिरले. टेबलावर सरांनी केलेला मातीचा ज्वालामुखी अजून फेस ओकत होता, खोलीभर व्हिनेगरचा आंबट वास होता आणि पोरगी टेबलाखाली गुडघे आवळून बसली होती. ज्वालामुखी जागृत, निद्रिस्त आणि मृत असे असतात, आपल्या रानातला काळा दगडही लाव्ह्याचाच, एवढं सरांनी शिकवलं होतं. "आजी, आपला झोपलेला जागा झाला," ती म्हणाली. "बाहेर गेलं की भुई फाटंल." मी म्हटलं, "भुई फाटत न्हाय. छत पडतंय. ऊठ." "तुम्हाला काय ठाऊक?" "मी छताखालनंच निघालेय," म्हणत मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. पुन्हा हादरा आला नाही. सर तिच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाळा, आपला ज्वालामुखी मृत आहे. कोट्यवधी वर्षं झाली." नाक पुसत ती म्हणाली, "मग सर, आधी मेलेलाच शिकवायचा की." सगळी हसली. खिचडी करपली होती, तरी पोरांनी खाल्ली. अजून व्हिनेगरचा वास आला की ते टेबल आठवतं. पूर्वीच्या मोठ्या भूकंपात छत कोसळलं, तेव्हा आमच्या घरातली मी एकटी वाचले होते.