विमानांना हात करणारा

लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी त्याला विचारलं की नोकरी काय. तो म्हणाला, "जहाजावर उभा राहून विमानांना हात करतो." सासऱ्यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. हात केल्यावर बस थांबते हे त्यांना माहीत होतं. विमान थांबतं हे नवीनच होतं.

पण त्याने खरं तेच सांगितलं होतं. मुळात तो नौदलाचा वैमानिक. कानाचा पडदा फाटला, डॉक्टरांनी उडायला कायमची बंदी घातली आणि त्याच्या हातात खुणा करायच्या दोन रंगीत बॅटा आल्या. विमानवाहू जहाजाची धावपट्टी म्हणजे जेमतेम एखादी गल्ली, तीही लाटांवर वरखाली होणारी. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीचा आकडा आडव्या ताणलेल्या तारेत अडकला तर ठीक, नाहीतर कठीण. वैमानिकाला समोर विमानाचं नाक दिसायचं, धावपट्टी नीट दिसत नसे. म्हणून जहाजाच्या मागच्या कडेला हा उभा. हात वर केले की वर ये, खाली केले की खाली ये, डोक्यावर जोरात हलवले की निघून जा आणि फिरून ये. चेष्टेत सगळे त्याला पंखेवाला म्हणत. त्याच्या पाठीशी कडेबाहेर एक जाळी टांगलेली असे. विमान अंगावर आलं तर तिच्यात उडी मारायची.

पंख्याची विमानं होती तोवर सगळं सुरळीत चाललं. ती संथ यायची. चूक दिसली तर सांगायला आणि ऐकायला सवड मिळायची. मग जेट आली. जेट दिसलं म्हणेपर्यंत डोक्यावर आलेलं असे. त्याची पाठ भरून यायची. बायकोने विचारलं तर म्हणायचा, वारा फार होता.

त्याच सुमारास लांब्याचा अपघात झाला. लांब्या म्हणजे त्याच्याच तुकडीत शिकलेला, उंचपुरा, सतत टवाळी करणारा मित्र. जहाजाचं मागचं टोक लाटेवर उचललं गेलं आणि त्याच क्षणी लांब्याचं जेट हवेतच खाली घसरलं. याने बॅटा डोक्यावर हलवल्या आणि जाळीत उडी टाकली. चाकं काठावर आपटून मोडली, विमान फरफटत गेलं. लांब्या वाचला, पण एक पाय गुडघ्याखाली गेला. चौकशीत कोणाचाच दोष निघाला नाही.

पंखेवाल्याचं मन मात्र त्याला खात राहिलं. दवाखान्यात जायचं तो टाळत होता. शेवटी बायकोनेच त्याला बाहेर काढलं. लांब्या उशीला टेकून बसला होता. पायाचा विषय त्याने स्वतःच काढला.

"तू हात कधी हलवलेस?"

"टोक उचललं तेव्हाच. लगेच."

"मीही लगेच बघितलं. लगेच इंजिन वाढवलं. म्हणजे आपण दोघंही वेळेवर होतो. वेळच पुरला नाही."

पंखेवाल्याच्या डोक्यातून घरी येईपर्यंत हे वाक्य जाईना. दोष असता तर सुधारता आला असता.

पुढे जहाजावर एक मोठा वक्र आरसा आणून बसवला. त्यात दिव्याचा ठिपका पडायचा आणि दोन्ही बाजूंना दिव्यांची रांग असायची. ठिपका रांगेच्या वर म्हणजे विमान उंच, खाली म्हणजे विमान फार खाली. वैमानिकाला लांबूनच सगळं स्वतः कळत असे; मधला माणूसच गळाला. चाचण्या संपल्यावर कप्तानाने पंखेवाल्याला बोलावून मत विचारलं. तो नाकं मुरडणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"आरसा ठेवा साहेब," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा आधी सांगतो."

कप्तानाने विचारलं, तुमचं काय. तो सलाम ठोकून बाहेर पडला.

काही महिने त्याने कोठारात सुटे भाग मोजले. घरात चिडचिड वाढली. मुली त्याच्या वाटेला जाईनाशा झाल्या. मग लहान जहाजांवर हेलिकॉप्टरं आली. ती जेटसारखी झेपावत नाहीत, डेकवर तरंगत थांबतात आणि खाली उभा माणूस खुणा करतो त्याप्रमाणे उतरतात. अशी माणसं तयार करायचं काम किनाऱ्यावरच्या तळावर निघालं. त्याने अर्ज केला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच शिकवलं. तो कडक मास्तर होता, फारसा लाडका नव्हता. पोरांनी उगाच हात नाचवले की तो म्हणायचा, "लग्नात नाचताय का? एकच खूण करा, पण स्पष्ट."

लांब्या लाकडी पायाने चालायला शिकला आणि विम्याच्या कचेरीत लागला. दोघं अधूनमधून भेटत. अपघाताबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. बोलत ते मुलींच्या शाळेबद्दल आणि घरभाड्याबद्दल.

जुनं जहाज भंगारात निघालं तेव्हा बरेच जण निरोप द्यायला धक्क्यावर गेले. बायकोने विचारलं, "अहो, तुम्ही नाही जात?"

"गळका नळ दुरुस्त करायचाय," तो म्हणाला, आणि पाना घेऊन न्हाणीघरात गेला.